दोन बोटं वर, एक भोक घट्ट

डिसेंबरातली सकाळ. नाशिकचा पारा दहाच्या आसपास उतरलेला. गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर मी हलक्या पायाने पळत होतो. शेजारी पळणाऱ्या मित्राशी गप्पा चालल्या होत्या आणि बोलताना धाप लागत नव्हती. सहज मनगटाकडे पाहिलं, तर घड्याळात १७१. पुढच्या फेरीला १७०, मग १७२. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला गप्पा मारत पळताना असा आकडा दिसला की पोटात गोळा येतो. मैदानावर रोज चालायला येणारे एक निवृत्त डॉक्टर आहेत, आम्ही सगळे त्यांना डॉक्टरकाका म्हणतो. त्यांच्यासमोर हात धरला. त्यांनी अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं टेकवली आणि आपल्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहत पंधरा सेकंद मोजले.

"एकतीस. एकतीस चोक एकशे चोवीस. तुझं हृदय ठीक आहे. आता पुन्हा त्याच चालीने पळ आणि पावलं मोज."

मोजली. पंधरा सेकंदांत त्रेचाळीस, म्हणजे मिनिटाला १७२. घड्याळ माझ्या हृदयाचे ठोके मोजत नव्हतं, माझी पावलं मोजत होतं.

घड्याळ बिघडलेलं नव्हतं. मी ते चुकीच्या जागी आणि सैल बांधलं होतं. काकांनी ते मनगटाच्या हाडावरून दोन बोटं वर सरकवलं, पट्टा एक भोक घट्ट केला आणि पाच मिनिटं झपझप चालायला लावलं. त्यानंतरच्या फेरीत आकडा १२८ आला. त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो, कारण ट्रॅकवर बघावं तिकडे मनगटं चमकत असतात आणि त्यातली निम्मी तरी हाडावर, बांगडीसारखी सैल लोंबत असतात.

नाशिकमध्ये ही गोष्ट महत्त्वाची आहे. या शहराला पळण्याचं वेड आहे आणि ते उगाच लागलेलं नाही. सावरपाड्यासारख्या आदिवासी पाड्यावरून आलेल्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. विजेंदर सिंग यांच्या हाताखाली भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर घडलेली ही मुलगी 'सावरपाडा एक्स्प्रेस' झाली आणि नाशिककरांना पळणं आपलं वाटू लागलं. आता दर हिवाळ्यात, जानेवारीतल्या मविप्र (मराठा विद्या प्रसारक) मॅरेथॉनच्या तयारीसाठी, गंगापूर रोडवर पहाटे पाचपासून माणसं दिसतात. त्यात अठराची पोरं असतात, तशी दहा वर्षांनी पहिल्यांदा बूट बांधलेली पंचेचाळीस-पन्नाशीची माणसंही असतात. या दुसऱ्या गटासाठी मनगटावरचा आकडा म्हणजे लगाम असतो. तो खोटा चढा दिसला तर माणूस विनाकारण घाबरतो, पळणं सोडतो. तो खोटा उतरलेला दिसला तर त्याहून वाईट, कारण शरीर थकून गेलेलं असतं आणि घड्याळ म्हणत असतं, अजून चल.

घड्याळ उलटं करून पाहा. पाठीवर हिरवे दिवे लुकलुकताना दिसतील. हिरवेच का? रक्त आपल्याला लाल दिसतं, कारण ते लाल प्रकाश परत पाठवतं आणि हिरवा गिळतं. घड्याळ त्वचेत हिरवा प्रकाश सोडतं आणि शेजारचा सेन्सर परत आलेला प्रकाश मोजतो. हृदयाचा ठोका पडला की त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या क्षणभर भरतात, जास्त हिरवा प्रकाश गिळला जातो, परतणारा प्रकाश किंचित कमी होतो. दोन ठोक्यांच्या मध्ये तो पुन्हा वाढतो. ही वर-खाली होणारी लाट घड्याळ मोजतं. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या ऑल्रिक हर्ट्झमन या शरीरशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकातच प्रकाशाने नाडी टिपून दाखवली होती.

अडचण अशी की परत येणाऱ्या प्रकाशात ठोक्यामुळे होणारा बदल अगदी थोडा असतो. उरलेला सगळा प्रकाश त्वचा, स्नायू, हाड यांच्यावरून आलेला असतो, त्याचा हृदयाशी संबंध नाही. अशा वेळी घड्याळ जर प्रत्येक पावलागणिक त्वचेवरून उचकत असेल, तर दर उचकीला फटीतून उजेड आत शिरतो आणि सेन्सरला एक भलीमोठी लाट दिसते. ती लाट ठोक्याच्या लाटेपेक्षा कितीतरी उंच. पळणाऱ्याची पावलं मिनिटाला साधारण १५० ते १८० पडतात, आणि जोराच्या व्यायामात हृदयाचे ठोकेही तिथेच जवळपास असतात. घड्याळातलं सॉफ्टवेअर हालचाल ओळखून ती वजा करायचा प्रयत्न करतं, पण नाडीची लाट क्षीण असली की ते पावलांनाच ठोके समजून बसतं. माझ्या बाबतीत हेच घडलं. थंडीने त्यात भर घातली होती. गार हवेत शरीर आतली ऊब राखण्यासाठी हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. मनगटाच्या कातडीखाली रक्तच कमी पोचलं, तर हिरव्या दिव्याने वाचायचं काय? निफाडकडची मंडळी तर याहून कडक थंडीत पळतात. त्यांनी पहिली दहा मिनिटं आकड्याकडे बघूच नये. लांब बाह्यांचा टीशर्ट घालून, घड्याळ बाहीखाली ठेवून अंग तापू द्यावं.

आता बांधायचं कसं ते नीट सांगतो. हात समोर धरा. करंगळीच्या बाजूला मनगटावर एक गोल हाड वर आलेलं दिसेल. रोजच्या वापरात घड्याळ बहुतेकांचं त्या हाडावर किंवा त्याच्याही खाली, पंज्याकडे असतं. हाडावर घड्याळ टेकलं की एक कड उचलली जाते आणि फट पडते. व्यायामाआधी ते कोपराकडे दोन बोटं सरकवा. तिथे मांस जास्त, जागा सपाट आणि रक्तपुरवठाही बरा. मग पट्टा इतका आवळा की हात जोरात झटकला तरी घड्याळ घसरणार नाही. बोटाने घड्याळ सरकवून पाहिलं तर खालची कातडी त्याच्यासोबत सरकली पाहिजे. तरीही मुंग्या येता कामा नयेत, बोटं निळसर पडता कामा नयेत. फार आवळलं तर रक्तच अडतं आणि आकडा पुन्हा बिघडतो. पळून झालं की पट्टा एक भोक सैल करा, नाहीतर घामाने तिथे पुरळ येतं.

मनगटावर आणखी काय आहे तेही बघा. आपल्याकडे हे फार असतं. त्र्यंबकेश्वरहून आल्यावर बांधलेला लाल धागा, राखीची उरलेली दोरी, कडं, बांगड्या. धाग्याची एक गाठ सेन्सरखाली आली तरी घड्याळ एका बाजूने उचललं जातं. धागा काढायचा नसेल तर घड्याळ दुसऱ्या हातात बांधा. गोंदणाचंही तसंच. गडद शाई हिरवा प्रकाश स्वतःच गिळून टाकते, मग रक्ताचं काही कळतच नाही. आमच्या गटातल्या एका ताईंच्या डाव्या मनगटावर लहानपणी गोंदलेलं आहे. त्यांचं घड्याळ पळताना मध्येच शून्य दाखवायचं. घड्याळ उजव्या हाताला गेलं आणि प्रश्न मिटला. खोबरेल तेल, सनस्क्रीन, वाळलेल्या घामाचं मीठ यांचा थर काचेवर बसतो. तो ओल्या मऊ फडक्याने पुसायला दहा सेकंद लागतात.

आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांना एक शंका नेहमी येते. काळसर त्वचेत मेलॅनिन जास्त, तेही हिरवा प्रकाश शोषतं, मग ही घड्याळं गोऱ्या लोकांसाठीच बनवलेली आहेत का? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली निरनिराळ्या वर्णांच्या ५३ जणांवर हे तपासलं. वर्णामुळे अचूकतेत लक्षणीय फरक त्यांना आढळला नाही. फरक पडला तो हालचालीमुळे. बसलेल्या माणसापेक्षा हालचाल करणाऱ्याच्या मनगटावर चूक सरासरी ३० टक्क्यांनी जास्त होती. म्हणजे चिंता रंगाची कमी आणि पट्ट्याची जास्त करायला हवी.

काही व्यायामांत मात्र घड्याळ कितीही नीट बांधलं तरी दगा देतं. सूर्यनमस्कार घ्या. तळवे जमिनीला टेकले की मनगट मागे मुडपतं, घड्याळाची कड पंज्याच्या पाठीवर रुतते, सेन्सर उचलला जातो. प्रत्येक नमस्कारात हे होतं. डंबेल घट्ट धरताना मनगटातल्या शिरा-स्नायू ताठरतात आणि त्वचेतलं रक्त इकडेतिकडे दाबलं जातं. सायकलवाल्यांचं दुखणंही हेच. नाशिक सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाऊ लागलं त्यात महाजन बंधूंचा मोठा वाटा आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. त्यांच्याकडे बघून सायकल घेतलेले शेकडो लोक रविवारी त्र्यंबक रोडला आणि गंगापूर धरणाकडे जातात. हँडलवर मुडपलेलं मनगट, घट्ट मूठ, खडबडीत रस्त्याचे हादरे, एवढं सगळं एकत्र आल्यावर मनगटी घड्याळाचा आकडा मनावर घेऊ नये. त्यांनी छातीचा पट्टा घ्यावा. तो नको असेल तर कोपराच्या वर, दंडावर बांधायचा प्रकाशाचा पट्टाही मिळतो. दंड मनगटाइतका हलत नाही, मुडपत नाही.

छातीचा पट्टा प्रकाशावर चालत नाही. तो वीज ऐकतो. प्रत्येक ठोक्याआधी हृदयाच्या स्नायूतून विजेची लहर जाते आणि तिचा अंश, जेमतेम एक मिलिव्होल्ट, त्वचेपर्यंत येतो. ईसीजी काढताना हेच टिपतात. त्या यंत्राचा जनक विलेम आइन्टहोव्हेन. त्याच्या काळचा एक फोटो प्रसिद्ध आहे. माणूस खुर्चीत बसलेला आहे, त्याचे दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याने भरलेल्या भांड्यांत बुडवलेले आहेत. कोरडी त्वचा विजेला सहज वाट देत नाही, खारं पाणी देतं. १९२४ साली त्याला नोबेल मिळालं. पुढे फिनलंडमधल्या औलू विद्यापीठाचे प्राध्यापक सेप्पो सायनायाकांगास यांनी १९७७ मध्ये पोलार ही कंपनी काढली आणि १९८२ मध्ये छातीवरून बिनतारी आकडा मनगटावर पाठवणारं यंत्र बाजारात आलं. बर्फात पळणाऱ्या स्कीपटूंचे ठोके मोजायची गरज त्यामागे होती. तेव्हापासून आजवर भांड्यातल्या पाण्याची जागा पट्ट्याच्या आतल्या दोन रबरी पट्ट्यांनी घेतली आहे, पण ओलाव्याची गरज गेलेली नाही.

म्हणून पहिली गोष्ट, पट्टा बांधण्याआधी त्या दोन खरखरीत पट्ट्या नळाखाली धरून चांगल्या ओल्या करा. वरवर शिंतोडे उडवून भागत नाही. कित्येक जण कोरडाच बांधतात आणि म्हणतात, सुरुवातीची पाच मिनिटं कायम वेडावाकडा आकडा येतो, नंतर सुधारतो. नंतर सुधारतो, कारण तोवर घाम आलेला असतो, आणि घाम म्हणजे खारं पाणीच. नाशिकच्या कोरड्या थंडीत घाम यायला वेळ लागतो, त्यामुळे इथे हे जास्त जाणवतं. ईसीजीसाठी लावतात ती जेल औषधाच्या दुकानात मिळते. लांबच्या पल्ल्याला ती पाण्यापेक्षा जास्त वेळ टिकते.

जागा अशी. छातीच्या मधल्या हाडावरून बोट खाली आणा. जिथे हाड संपतं आणि बरगड्या दोन्हीकडे फाकतात, तिथे पट्ट्याचा मधला डबा यायला हवा. छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, पोटावर नव्हे. डब्यावरचं नाव समोरच्याला सरळ वाचता आलं पाहिजे. बायकांनी तो स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या पट्टीच्या लगेच खाली बांधावा. पट्टी त्याच्यावर आली तरी चालतं, उलट तो जागचा हलत नाही. फक्त दोघांमध्ये कापडाची घडी अडकू देऊ नये. घट्टपणाची खूण सोपी आहे. छाती भरून श्वास घेतला तर तो अडखळू नये आणि जागच्या जागी चार उड्या मारल्या तर पट्टा खाली सरकू नये. छातीवर केस दाट असतील तर पाणी थोडं जास्त लावा.

पट्ट्याची एक गंमत मला बरेच दिवस उलगडत नव्हती. उतारावर वारा लागला की आकडा एकदम २०० च्या वर उडायचा. कारण निघालं ते पॉलिएस्टरच्या सैल जर्सीत. कोरड्या हवेत फडफडणारं कापड पट्ट्यावर घासलं की स्थिर वीज तयार होते, स्वेटर काढताना चटचटते तीच, आणि एक मिलिव्होल्ट ऐकायला बसलेल्या यंत्राला ती आरोळीसारखी ऐकू येते. अंगाला चिकटून बसणारा टीशर्ट आणि नीट ओला पट्टा, एवढ्यावर ते थांबलं.

पट्टा धुवायला हवा, हे कुणी सांगत नाही. घरी आलात की डबा काढून ठेवा आणि पट्टा कोमट पाण्यात खंगाळा, अधूनमधून सौम्य साबण लावा, न पिळता सावलीत वाळवा. मीठ साचलं की पट्ट्या कडक होतात आणि संपर्क तुटतो. डबा ओल्या पट्ट्यालाच लावून ठेवला तर त्याला वाटतं अजून कुणीतरी पट्टा घातलेला आहे, आणि बॅटरी संपत राहते. वर्ष-दोन वर्षांत इलॅस्टिक ढिलं पडलं तर नुसता पट्टा बदलता येतो, डबा तोच चालतो.

घड्याळ आणि पट्टा, या दोन्हींत खरं कोण? अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने पन्नास निरोगी माणसांना ट्रेडमिलवर पळवून ईसीजीशी तुलना केली आणि निष्कर्ष २०१७ साली छापले. ईसीजीशी पूर्ण जुळणी म्हणजे १ धरलं तर छातीच्या पट्ट्याला ०.९९ मिळाले. चार मनगटी उपकरणांना ०.८३ ते ०.९१. मनगटाचं तंत्रज्ञान त्यानंतर सुधारलं आहे, तरी चढ-उताराच्या, थांबून-पळण्याच्या व्यायामात पट्टा आजही पुढे आहे असं माझं स्पष्ट मत आहे. रोज सरळ चालणाऱ्याला पट्ट्याची गरज नाही. नीट बांधलेलं घड्याळ त्याला पुरतं.

आणि उष्मांक? त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी साठ जणांवर सात उपकरणं तपासली. ठोक्यांच्या बाबतीत सातांपैकी सहांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती. खर्च झालेल्या कॅलरीत मात्र सगळ्यात बरं उपकरण २७ टक्क्यांनी आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी चुकलं. घड्याळाने चारशे कॅलरी दाखवल्या म्हणून सकाळी दोन वडापाव जास्त खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आपलं घड्याळ खरं बोलतंय का, हे आपलं आपल्यालाच तपासता येतं. पांडवलेणीच्या पायऱ्या यासाठी छान आहेत. खाली उभं राहून नाडी मोजा, घड्याळाशी ताडा. मग न थांबता वर चढा, वर पोचताच अंगठ्याच्या मुळाशी तर्जनी-मध्यमा टेकवून पंधरा सेकंद मोजा आणि चारने गुणा. पाच-सहा ठोक्यांचा फरक चालेल, कारण मोजतानाही ठोके उतरत असतात. वीस-तीसचा फरक पडला तर बांधण्यात चूक आहे. घरी आल्यावर ठोक्यांचा आलेखही बघा. खरे ठोके टेकडीसारखे चढतात आणि थांबल्यावर घसरगुंडीसारखे उतरतात. एका सेकंदात ११० वरून १७० वर गेलेली आणि पुढे पट्टीने आखल्यासारखी सपाट रेघ दिसली, तर ती तुमची पावलं आहेत.

आकडा खरा आला तरी तो कशाशी ताडायचा, हा प्रश्न उरतोच. २२० वजा वय हे सूत्र १९७१ मध्ये फॉक्स आणि हॅस्केल यांच्या लेखनातून आलं आणि घड्याळांनी ते उचललं. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र मांडलं. साठीच्या माणसाला पहिलं १६० सांगतं, दुसरं १६६. दोन्ही सरासरी आहेत. एकाच वयाच्या माणसांतही दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर ती ठोके मुद्दाम कमी ठेवते, तिथे ही सूत्रं लागूच होत नाहीत. अशांनी, आणि पेसमेकर बसवलेल्यांनी, आपली मर्यादा आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याच चालीला ठोके हळूहळू चढत जातात, कारण अंग गार करायला रक्त त्वचेकडे वळतं आणि घामाने पाणी कमी होतं. तेव्हा पट्ट्याला दोष देऊ नका. वेग कमी करा, पाणी प्या.

डॉक्टरकाकांनी त्या सकाळी निघताना मला एक गोष्ट बजावली होती, ती इथे जशीच्या तशी देतो. छातीवर दाब आला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, चक्कर आली, तर घड्याळात काय दिसतंय ते बघत बसू नका. तिथेच थांबा, शेजारच्याला हाक मारा आणि सरळ दवाखाना गाठा.